पोळ्याचे आभार आणि पोळ्याचा जाब

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. सकाळपासून मोबाईल उघडला की कृतज्ञताच कृतज्ञता. बळीराजाच्या सोबत्याला वंदन, सर्जा-राजाला सलाम, बैलाचा तोच एक फोटो पन्नास जणांनी टाकलेला. त्यातल्या चाळीस जणांच्या घरी दावण नाही. माझ्याही घरी नाही आणि मीपण तो फोटो टाकला. त्यामुळे ही पोस्ट कोणाला नावं ठेवायला नाही. पण काल संध्याकाळी तोरणाजवळ एका म्हाताऱ्या माणसाने मला एक प्रश्न विचारला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. पोस्ट मोठी आहे. पुरणाची सुस्ती उतरली असेल तर वाचा.

माजरीबाहेरच्या मित्रांसाठी आधी थोडं सांगतो. आमचं माजरी भद्रावती तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला. रेल्वेचं जंक्शन आहे, इथून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे जातो. पण गावाची खरी ओळख कोळसा. १९७३ ला देशातल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ ला वेकोलि स्थापन झाली, आणि माजरी हे त्यांचं एक क्षेत्र. त्यामुळे आमच्या गल्लीत एका घरी तेलुगू, दुसऱ्या घरी छत्तीसगडी, तिसऱ्या घरी भोजपुरी ऐकू येते. पोळा पण जोरात आणि छठपूजा पण.

आणि या भागात बैल कमी होत चाललेत. एक कारण ट्रॅक्टर, ते सगळीकडे आहे. दुसरं कारण आमचं खास. कोळशासाठी जमीन घेतली जाते ती १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने. मोबदला मिळतो, आणि कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असं साधारण गणित आहे. या नोकऱ्यांनी कितीतरी घरं वर आली, पोरं शिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते नाकारणारा मी नाही. पण वावरच गेलं तर बैल कशाला ठेवणार? पहिल्या वर्षी एक जोडी विकली जाते, पुढच्या वर्षी दुसरी. काल जवळच्या ज्या गावात मी पोळ्याला गेलो होतो तिथे जोड्या दोन हातांच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच होत्या. त्यांच्या मागे हार घातलेले ट्रॅक्टर उभे. लहान पोरं आजच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कालच घेऊन आलेली. गर्दी मात्र पहिल्यासारखीच.

आता पोळा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरीपण त्यातल्या तीन गोष्टींकडे परत एकदा पाहू, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट खांदशेकणी. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाचा खांदा कोमट पाण्याने धुतात, हळद-लोणी लावतात, पळसाच्या पानाने शेकतात. मग त्याला सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. शिंगाला रंग, अंगावर झूल हे सगळं नंतर. आधी खांदा. वर्षभर जू जिथे बसलं, जिथली कातडी जाड झाली, नेमका तिथे हात ठेवून आभार मानायचे. आपल्या आज्या-पणज्यांना हे बरोबर समजलं होतं, की भार जिथे पडला तिथेच आभार पोचला पाहिजे.

दुसरी गोष्ट, कोण कोणाचे आभार मानतो. पोळ्यात मालक बैलाचे पाय धुतो. मालकीण ओवाळते. जुन्या काळी या दिवशी सालगड्याला नवे कपडे आणि जेवण असायचं. जोडी घरोघरी फिरवणाऱ्याच्या हातावर लोक बोजारा ठेवतात. म्हणजे आभार वरून खाली जातात. ज्याने काम करून घेतलं तो, ज्याने काम केलं त्याच्यासमोर वाकतो. बैलाने गोठ्याबद्दल मालकाचे आभार मानावेत, असं कोणत्याही पोळ्यात कोणी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट झडत्या. हे विदर्भाबाहेर बऱ्याच जणांना माहीत नसतं. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की गावातले तयारीचे लोक पुढे येतात आणि यमक जुळवून झडती म्हणतात. त्यात कापसाचा भाव येतो, सावकार येतो, पुढारी येतो, न आलेला रस्ता आणि खाल्लेला निधी येतो. शेवटी हर हर महादेव. ज्याच्यावर झडती आहे तो सरपंच तिथेच फेटा बांधून उभा असतो आणि त्याला हसावंच लागतं. त्यानंतर तोरण तुटतं, पोळा फुटतो. आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबत निघते, महागाई आणि भ्रष्टाचाराचे बडगे निघतात, रोगराईला गावाबाहेर हाकलतात.

म्हणजे आपल्याकडे आभाराचा जो सगळ्यात मोठा सण आहे, त्यात आभार आणि जाब एकाच तोरणाखाली उभे आहेत. बैलाला ओवाळणारा माणूसच दहा मिनिटांनी सरकारला प्रश्न विचारतो. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. मग एरवी आपण हे दोन वेगळे का केले?

आता त्या काकांचं सांगतो.

ते आमच्या वस्तीतच राहतात. ठेकेदाराच्या पाण्याच्या टँकरवर होते. रस्त्यावरची कोळशाची धूळ दाबायला टँकर पाणी मारत फिरतो ना, त्याच्यावर. अठरा वर्षं. या अठरा वर्षांत पाच ठेकेदार झाले. ठेकेदाराचं नाव, कामाची जागा मी इथे लिहीत नाही आणि कमेंटमध्ये कोणी विचारू नका. प्रश्न एका नावाचा नाही.

काल ते माझ्या बाजूला उभे होते. म्हणाले, "बाबू, त्या दिवशी पेपरात तू फोटो देला होता. शाल-नारळवाला. रिटायर झाले त्याईचा."

म्हटलं, "हो काका, महिनाअखेरचा निरोप समारंभ होता."

"मी बी रिटायरच झालो गा. मार्च महिन्यात. पण मले कोणी सांगतलंच नाही."

मला आधी वाटलं गंमत करताहेत. मग हळूहळू सगळं सांगितलं. ठेका बदलला. नवीन ठेकेदाराची माणसं आली. एक दिवस हे नेहमीसारखे डबा घेऊन गेले तर गेटवरचा पोरगा म्हणाला, काका, तुमचं नाव यादीत नाही. दोन दिवस परत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी नाही गेले. झाली निवृत्ती.

"माया शेवटचा दिवस कोणता होता तेच मले माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत असतं तर टँकर धुऊन देला असता."

तेवढ्यात समोर झडती सुरू झाली, लोक हसत होते. काका बैलांकडे पाहत म्हणाले, "बैलाले बी आवतण देतेत गा. आज बस, उद्या जेव म्हणतेत. मले काऊन नाही देलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण वीस वर्षांची बातमीदारी करून झाली आहे, त्यामुळे उत्तर नसलं तरी हिशेब मांडता येतो. तो मांडतो.

कायम कामगार साठ वर्षांचा झाला की त्याला शाल-श्रीफळ मिळतं, साहेब दोन चांगले शब्द बोलतात, बायकोलाही स्टेजवर बोलावतात. ते मिळायलाच पाहिजे, त्याने जन्म घालवला आहे. पण त्याला शालीबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे ग्रॅच्युइटी. या शब्दाकडे जरा पहा. इंग्रजीत आभाराला जो शब्द आहे त्याच मुळातून हा आला आहे. एके काळी ही मालकाची मर्जी होती. खूश झाला तर जाताना काही देईल, नाही तर नाही. १९७२ च्या कायद्याने ती मर्जी संपवली आणि आभाराचा हक्क केला. सलग पाच वर्षं काम केलं की दर वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा हक्क ठेवला आहे. म्हणजे या देशात आभाराचं गणित कायद्यात लिहिलेलं आहे.

काकांना ते लावून पाहू. समजा मजुरी महिन्याला १३,००० रुपये. कायद्याप्रमाणे महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे दिवसाचे ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. गुणिले १८ वर्षं. एक लाख पस्तीस हजार रुपये. एवढ्यात काकांच्या घरावरचा पत्रा बदलून झाला असता आणि नातीच्या लग्नालाही हातभार लागला असता.

पण मिळाले शून्य. कारण पाच वर्षं एका ठेकेदाराकडे पूर्णच झाली नाहीत. ठेका दोन-तीन वर्षांचा, फार तर चार. माणूस तोच, टँकर तोच, रस्ता तोच, धूळ तीच. फक्त पावतीवरचं नाव बदलतं आणि घड्याळ परत शून्यावर येतं. काका तर या बाबतीत सुशिक्षित म्हणायचे, त्यांच्याकडे तीन ठेकेदारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत. कित्येकांकडे एकही कागद नसतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून एक तत्त्व आहे, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची. पण ते मागायला तरी हातात हाजरीचा कागद लागतो.

हे सगळं कोणाला म्हटलं की एक ठरलेलं उत्तर येतं. "अहो, काम दिलं हेच उपकार समजा. बाहेर लाईन लागली आहे." इथे पोळा उलटा होतो, माझ्या मित्रांनो. काम केलेल्याने काम करून घेणाऱ्याचे आभार मानायचे. आणि ते मानले नाहीत, प्रश्न विचारला, की माणूस कृतघ्न. कृतज्ञ राहा, तक्रार करू नका, जे आहे त्यात समाधान माना, असे सुविचार रोज सकाळी येतात. कोणाकडून कोणाला येतात ते एकदा पहा. सोफ्यावरून टँकरकडे येतात.

हे फक्त खाणीच्या गावाचं नाही. २२ मार्च २०२० आठवा. संध्याकाळचे पाच. आमच्या गल्लीतही थाळ्या वाजल्या, मीपण गच्चीवर जाऊन वाजवली, खोटं कशाला बोलू. त्या थाळ्या ज्यांच्यासाठी होत्या त्यात आशाताई होत्या. आमच्याकडच्या आशाताई त्या उन्हाळ्यात, जेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो, तोंडाला साधं फडकं बांधून घरोघरी ताप मोजत होत्या. सव्वा वर्षात, जून २०२१ मध्ये, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मानधनासाठी. मग २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परत संप, २०२४ च्या सुरुवातीला परत संप, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पाच हजारांची वाढ मंजूर केली. थाळी वाजली तेव्हापासून मोजा, चार वर्षं लागली. थाळी वाजवायला पाच मिनिटं लागली होती.

थाळी खोटी होती असं मी म्हणत नाही. त्या दिवशी बऱ्याच जणांचे डोळे खरंच भरून आले होते. पण ती हवेत वाजली. खांद्यापर्यंत पोचली नाही. खांद्यावर हात ठेवायला त्या बायकांना स्वतःच रस्त्यावर बसावं लागलं.

आता उलट उदाहरण सांगतो, म्हणजे आपल्या मातीत हे जमतं याचा पुरावा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी साधारण १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी सांगितलं, की आधी घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मोकळे व्हा. तिने आयुष्यभर वावरात राबून काढलं, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. जोशींचं राजकारण पटो न पटो, पण त्या वेळी हजारो शेतकऱ्यांनी खरंच बायकोच्या नावाने जमीन केली. पुढे सप्टेंबर १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय काढला, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं म्हणून. "तू माझ्या यशामागची शक्ती" असं म्हणणं सोपं आहे. ते सातबाऱ्यावर लिहून देणं म्हणजे खांदशेकणी.

दुसऱ्याकडे बोट दाखवणं हा आमच्या धंद्याचा रोग आहे. म्हणून आता स्वतःची झडती घेतो.

माझी बायको. लग्नाच्या वाढदिवसाला मी दर वर्षी फेसबुकवर तिच्यासाठी चार ओळी लिहितो, दोनशे लाईक मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत टाकलं, त्यावर मी आजवर किती बातम्या लिहिल्या त्याची मोजदाद नाही. पण खिडकीच्या कडाप्प्यावरची काळी धूळ दिवसातून दोनदा कोण पुसतं? आईचा खोकला रात्री उठून कोण पाहतं? प्रदूषणावर लिहिणारा मी, पुसणारी ती. आणि घर माझ्या एकट्याच्या नावावर. काल रात्री हा हिशेब डोक्यात आला तेव्हा मलाच लाज वाटली. ग्रामपंचायतीत नमुना आठवर तिचं नाव चढवायचा अर्ज मी या आठवड्यात देणार आहे. इथे लिहितो आहे ते मोठेपणा म्हणून नाही, लिहिलं की पळवाट राहत नाही म्हणून. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "पोस्ट टाकायच्या आधी अर्ज टाकला असता तर बरं झालं असतं." बरोबर आहे.

माझे मित्र. २०२२ च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझ्या एका मित्राने दोन दिवस स्वतःचा ट्रॅक्टर चालवून लोकांना, पेट्या-बोऱ्यांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. डिझेल त्याचं. मी काय केलं? पाहणी दौऱ्यावर आलेल्या पुढाऱ्यांचा फोटो तीन कॉलममध्ये छापून आणला. मित्राबद्दल शेवटच्या ओळीत "स्थानिक युवकांनी मदतकार्य केले" एवढंच. तो त्यावर कधी बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यानेच चहा पाजला. त्याचं माझ्याकडे डिझेलचंही बाकी आहे आणि नावाचंही.

माझं काम. या कामाने मला पोटापुरतं दिलं, त्याहून जास्त म्हणजे दार दिलं. कोणाच्याही घरी जाऊन बसता येतं, चहा मिळतो, मनातलं ऐकायला मिळतं. पत्रकारितेची पदविका घेऊन गावी परत आलो तेव्हा लोक हसले होते, आज तेच लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. याबद्दल मी खरंच ऋणी आहे. आणि म्हणूनच सांगतो, की माझ्या बातम्यांमध्ये साहेबांना नाव असतं आणि कामगाराला आकडा. "अपघातात एक ठार, दोन जखमी." "पन्नास कामगारांना कामावरून कमी केले." त्या पन्नासात काका असतात. सत्काराच्या बातमीत स्टेजवरच्या बारा लोकांची नावं पदासकट, आणि ज्याचा सत्कार झाला त्याचं नाव तेराव्या नंबरला. डेस्कवाल्यांनी कापलं असं सांगून मी बरीच वर्षं सुटलो. पण बऱ्याच वेळा मी पाठवलंच नव्हतं.

आणि रोजचं जगणं. सकाळी नळाला पाणी येतं ते पाचला उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसामुळे. रेल्वे रुळावरून घसरत नाही ती उन्हात रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनमुळे. आमच्या भागातल्या कोळशावर चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र चालतं, ती वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते. तिथे एसी लावून ही पोस्ट वाचणारे माझे मित्र आहेत. त्यांना दोष नाही देत. फक्त एवढंच, की तुमच्या गारव्यामागे कोणीतरी अठरा वर्षं रस्त्यावर पाणी मारत होता आणि त्याला आवतण आलं नाही.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, हा सणासुदीलाही राजकारण आणतो. बाबांनो, मी नाही आणलं. झडती पोळ्यातच आहे. आपल्या म्हाताऱ्यांनी ती तिथेच ठेवली, बैलाच्या शेजारी. त्यांना कळत होतं, की ज्याला नुसते आभार मानता येतात आणि जाब विचारता येत नाही तो मिंधा होतो. आणि ज्याला नुसता जाब विचारता येतो, आभार मानता येत नाहीत, तो कडवट होतो. आम्ही पत्रकार या दुसऱ्या प्रकारात जास्त मोडतो, तेही कबूल करतो. काल तोरणाखाली उभा होतो तेव्हा कितीतरी दिवसांनी मला गावाबद्दल, माणसांबद्दल बरं वाटलं. ते बरं वाटणं मला गमवायचं नाही, आणि काकांचा प्रश्नही विसरायचा नाही.

मग करायचं काय? मोठं काही सांगत नाही. मला जमेल तेवढंच सांगतो.

एक, यापुढे माझ्या बातमीत सत्कारमूर्तीचं नाव पहिल्या ओळीत येईल, पाहुण्यांची नंतर. डेस्कने कापलं तर ती बातमी पूर्ण नावांसकट मी इथे टाकीन.

दोन, दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी टपरीशेजारच्या ओट्यावर बसेन. ठेक्यावर काम करणाऱ्या कोणाकडेही पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर, गेटपास, जे असेल ते घेऊन या. नसेल तर तसेच या. सगळ्यांची एक वही करू, कोण कुठे किती वर्षं होतं याची. संघटनेत काम केलेले दोन निवृत्त कामगार मदतीला यायला तयार आहेत. कागद पुरे असतील तिथे अर्ज करू. सगळ्यांचं काम होईल असं वचन मी देत नाही.

तीन, गावातल्या मंडळांना विनंती. गणपती तोंडावर आला आहे. दर वर्षी आपण पुढाऱ्याला आरतीला बोलावतो. एक दिवस आरतीचा मान सफाई कामगाराला, आशाताईला, व्हॉल्व्हमनला द्या. आणि त्याच मांडवात, त्याच माईकवर, त्यांचं काय बाकी आहे तेही वाचून दाखवा. मानधन किती महिन्यांचं थकलं, बूट-हातमोजे मिळाले की नाही. शाल द्या आणि यादीपण वाचा. दोन्ही एकाच मांडवात.

काकांना आज सकाळी भेटून आलो. म्हटलं, तुमचाही सत्कार करू. ते म्हणाले, "शाल राहू दे गा बाबू, उन्हाळ्यात काय करू तिचं. त्या चिठ्ठ्या दोन उंदरानं खाल्ल्या आहेत, त्या चालतीन का ते पाय." मी त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून आणलेत. रविवारच्या वहीत पहिलं नाव त्यांचंच असेल.

आता तुमच्याकडे एक मागणं. कमेंटमध्ये मला शुभेच्छा देऊ नका, "सुंदर लेख" पण लिहू नका. दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत असा एक माणूस, ज्याच्यामुळे तुमचा रोजचा दिवस चालतो. गल्लीतला, घरातला, ऑफिसातला, कोणीही. दुसऱ्या ओळीत त्याचं तुमच्याकडे काय बाकी आहे. त्याला चालत असेल तरच नाव लिहा, नाही तर काम लिहिलं तरी पुरे. पहिली ओळ लिहायला सोपी जाईल. दुसरीला थोडा वेळ लागेल. मलाही लागला.